पेशंट टेबलावर आहे

नोकरी लागली म्हणून मी पुण्यात आले आणि कसब्यात खोली शोधायला लागले. एजंटाने दिलेल्या पत्त्यावर दुसऱ्या मजल्याची बेल वाजवली तर आतून आवाज आला, "दार लोटा, आत या आणि गडबड करू नका. पेशंट टेबलावर आहे."

मी वऱ्हाडातली. आमच्याकडे घरात कुणी आजारी असलं तर माणूस दारातच हळू आवाजात विचारपूस करतो, चहाला नको म्हणतो आणि निघतो. इथे तर थेट आत बोलावणं. मी चपला हातात घेऊन चवड्यांवर आत गेले. मागच्या चिंचोळ्या खोलीत जमिनीवर एक गोधडी पसरलेली होती आणि तिच्या कडेला पासष्टीच्या एक बाई मांडी घालून बसल्या होत्या. केस बारीक कापलेले, डोक्यावर हिरवी कापडी टोपी. त्यांनी वर न बघता उजवा हात माझ्याकडे केला आणि म्हणाल्या, "कात्री."

कात्री माझ्या पायाशीच होती. मी उचलून दिली.

"टोक माझ्याकडे करून देतेस? मूठ माझ्याकडे."

मी उलटी करून दिली.

"हं. खोली डावीकडे आहे, बघून घे. आवडली नाही तरी तसं तोंडावर सांगायची गरज नाही."

आवडली. आणि मी त्यांना आवडले ते दुसऱ्यांदा कात्री बरोबर दिली म्हणून, हे मला पुढे त्यांनीच सांगितलं. माझ्याआधी आलेल्या मुलीने म्हणे कात्री फेकली होती.

सगळी आळी त्यांना सिस्टर म्हणायची, म्हणून मीही सिस्टर म्हणू लागले. एका मोठ्या हॉस्पिटलच्या ऑपरेशन थिएटरात त्यांनी उभा जन्म काढला होता. डॉक्टरांचा हात पुढे व्हायच्या आत हवी ती वस्तू त्यांच्या तळहातावर असायची, असा त्यांचा लौकिक होता, आणि तो पसरवणाऱ्याही मुख्यतः त्याच होत्या. रिटायर झाल्यावर थिएटर सुटलं, सवयी सुटल्या नाहीत. मग त्या सगळ्या सवयी गोधड्यांच्या वाट्याला आल्या. गोधडी शिवायला बसण्याआधी कोपरापर्यंत हात धुवायचे. शिवताना फोन घ्यायचा नाही. मी घेतला तर "पेशंट टेबलावर आहे, दुपारी करा" एवढंच सांगायचं. एकदा त्यांच्या नणंदेने हे ऐकलं आणि कुणाचं ऑपरेशन आहे म्हणून रडतच रिक्षा केली. ती पोचल्यावर सिस्टरांनी तिला चहा दिला आणि म्हणाल्या, "रडायचं कशाला? पेशंट तर बरा होऊनच जातो आपल्याकडून."

टाचण्यांचं तर विचारूच नका. लावलेल्या टाचण्या आणि काढलेल्या टाचण्या यांचा मेळ बसल्याशिवाय गोधडीची शेवटची बाजू शिवायची नाही. एका रविवारी एक कमी भरली. त्यांनी मला सतरंज्या झटकायला लावल्या, केरसुणीच्या काड्या सुट्या करायला लावल्या. शेवटी टाचणी माझ्याच ओढणीत सापडली. मी वैतागून म्हटलं, "अहो सिस्टर, एका टाचणीने काय होतंय?" त्या शांतपणे म्हणाल्या, "रात्री कूस बदलल्यावर ज्याला टोचेल ना, त्याला विचार."

सामान कसं ठेवावं यावर त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं: "वस्तूने हाताला शोधत यायला पाहिजे, हाताने वस्तूला शोधायचं नाही." हे वाक्य त्या भाजीवाल्यालाही ऐकवायच्या. मी मार्केट यार्डात एका मसाल्याच्या व्यापाऱ्याकडे बिलं करते. तिथून मी सफरचंदाच्या रिकाम्या पेट्या आणायचे, आणि सिस्टर त्या आडव्या रचून त्यांत रिळं, बॉबिनी, पट्ट्या, खडू लावायच्या. रोज लागणारं डाव्या हाताला, अधूनमधून लागणारं खांद्याच्या वर. बसवर लोंबकळत स्वारगेटहून त्या पेट्या मी कशा आणल्या ते मला ठाऊक. "लाकूड जरा ओलं आहे," एवढीच दाद मिळायची.

मला त्या फार आवडायच्या. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी त्यांच्यावर बरीच चिडलेली दिसेन.

तर एका सकाळी मी ऑफिसला निघताना मागच्या खोलीतून हाक आली. बघते तर सिस्टर गोधडीवर उताण्या पडलेल्या, एक गुडघा वर. मी पर्स टाकून धावले.

"घाबरू नकोस," त्या म्हणाल्या. "आज पेशंट बदललाय."

कंबर धरली होती. इतकी वर्षं जमिनीवर वाकून टाके घातले, कंबरेने एका सकाळी सगळा हिशेब मागितला. मी त्यांच्या मुलाला फोन केला. तो वाकडला राहतो, कंपनीत कॉम्प्युटरवर काम करतो. चांगला मुलगा आहे हो, आईवर जीव आहे, फक्त काळजी वाटली की ती हुकमाच्या सुरात बोलून दाखवतो. डॉक्टर येऊन गेले. जमिनीवर बसायचं नाही, वाकायचं नाही, असं बजावून गेले. त्यानंतर मुलाने पलंगाशेजारी खुर्ची ओढली.

"आई, पुरे आता. तू आमच्याकडे चल कायमची. लिफ्ट आहे, बाग आहे, सगळं आहे."

"शिवणाचं मशीन कुठे ठेवायचं?"

त्यांच्या घरी नवरा-बायकोची ऑफिसची टेबलं, मुलीचं अभ्यासाचं टेबल, सगळ्या भिंती भरलेल्या.

"मशीन कुणाला तरी देऊन टाकू," तो म्हणाला. "आता काय करायचंय गोधड्या शिवून? विकत मिळतात."

सिस्टरांनी विचारलं, "तुझ्या मुलीला डबल बेडची गोधडी कबूल केलीय मी. ती करू का देऊन टाकू तीही?"

"आई, तू उठूसुद्धा शकत नाहीस."

"खंडेनवमीला मशीनची पूजा करायला येतोस ना दरवर्षी? तोवर मुदत दे. गोधडी पुरी झाली आणि मी माझ्या पायांवर उभी असले तर पुन्हा हा विषय काढायचा नाही. नाहीतर येते तुझ्याबरोबर."

मुलगा हसला. त्याला वाटलं, जिंकलोच. "ठीक आहे. पण बॅग भरून ठेव."

कंबर जरा सैल होताच सिस्टर कामाला लागल्या. हाताने शिवणं बंद, आता मशीन. मशीनवर शिवलेल्या गोधडीला त्या आजवर नाक मुरडत आल्या होत्या, पण ते विसरल्या. ड्युटीच्या पांढऱ्या साड्या त्यांनी ट्रंकेतून काढल्या. धुऊन धुऊन सायीसारख्या मऊ झाल्या होत्या. त्या आत घालायच्या आणि वरून रंगीत तुकडे. "नातीने आजीची नोकरी पांघरावी," त्या म्हणाल्या, आणि लगेच माझ्याकडे बघून पुढे म्हणाल्या, "डोळे पुसायचे तर लांब जाऊन पूस, साडीवर डाग पडेल."

मशीन त्यांनी मागच्या खोलीत खिडकीखाली भिंतीला लावलं. सगळेच लावतात. उजेड येतो, जागा वाचते. आणि तिथेच सगळं फसलं. लहान काम ठीक होतं, पण डबल बेडची गोधडी म्हणजे नुसतं वजन. शिवलेला भाग मशीनच्या मागे सरकायला जागाच नाही; तो भिंतीवर आपटायचा आणि गोळा व्हायचा. डावीकडचा भाग टेबलावरून घसरून खाली लोंबायचा आणि सुईला ओढायचा. सुया मोडल्या. टाके वाकडे पळाले. सिस्टर दोन्ही हातांनी ते ओझं खेचत बसायच्या, खांदे कानापर्यंत चढलेले. संध्याकाळी कंबरेला शेकायची पिशवी. मी म्हणायचे, राहू द्या, मी बोलते तुमच्या मुलाशी. त्या म्हणायच्या, "तू बिलं कर."

एका संध्याकाळी मी घरी आले तर मशीनवर जुनी साडी गुंडाळलेली होती. देऊन टाकायच्या वस्तूला गुंडाळतात तशी, गाठी मारून. सिस्टर खोलीत जमिनीवर पाठ टेकून पडल्या होत्या. मी शेजारी बसले. खाली आळीत तांब्याची भांडी घडवणाऱ्या तांबटांचे ठोके चालू होते. मला फार वाईट वाटत होतं, आणि त्या मुलाचा राग येत होता, आणि त्या गोधडीचाही.

"इतकी वर्षं पेशंट वरून बघितला," सिस्टर छताकडे बघत म्हणाल्या. "पेशंटला खालून काय दिसतं ते आज कळतंय."

"काय दिसतं?"

"मधोमध दिवा दिसायला पाहिजे. थिएटरात तसाच असतो." त्यांनी मान वळवून खिडकीखालच्या मशीनकडे बघितलं, आणि त्यांचा चेहराच बदलला. "अगं, ऑपरेशनचं टेबल कधी भिंतीला लावतात का?"

"मला काय माहीत?"

"नाही लावत. कधीच नाही. चारही बाजूंनी जागा लागते. जन्म गेला माझा त्या टेबलाशी, आणि घरी आले तर चारचौघींसारखं भिंतीला लावून बसले. मला उठव."

उठवलं. गाठी तिथल्या तिथे सोडल्या. पण प्रश्न होताच: खोली एवढीशी. टेबल मधोमध घेतलं तर माणूस बसणार कुठे? सिस्टर खोलीत उभ्या राहिल्या, मग एक पाऊल मागे आल्या, मग आणखी एक. तिसऱ्या पावलाला त्या उंबऱ्याबाहेर, घरातल्याच अरुंद बोळात आल्या, आणि तिथेच थांबल्या.

"खोली गोधडीची," त्या म्हणाल्या. "मी बाहेर बसते."

दुसऱ्या दिवशी सुताराला बोलावलं. मशीन दारात आणलं, तोंड आत खिडकीकडे. खुर्ची बोळात. आता दार लागणार कसं? सिस्टरांनी ते बिजागऱ्यांतून काढायला लावलं. सुतार म्हणाला, "काढून ठेवू कुठे?"

"ठेवायचं नाही. आडवं टाका. मशीनच्या मागे, मशीनच्याच उंचीला. खिडकीपर्यंत."

सुताराने दाराकडे बघितलं, मग माझ्याकडे. "ताई, बाथरूमचं दार तेवढं वाचवा. यांचा नेम नाही."

दार पुरलं, मापात बसलं. डाव्या हाताला एक फळी जोडली. आता शिवलेला भाग सरळ मागे दारावरून खिडकीकडे चालत जायचा, डावीकडचा फळीवर आरामात पसरायचा, आणि उजवीकडच्या भागाची वळकटी मशीनच्या कमानीखालून निमूट पुढे सरकायची. ओढायचं काही उरलंच नाही. हात नुसते रस्ता दाखवायला. खुर्चीची उंची सिस्टरांनी कोपरावरून ठरवली: खांदे सैल सोडून कोपर वाकवलं की हात बरोबर मशीनच्या पाटीवर आला पाहिजे. पाय लोंबतात म्हणून पॅडलखाली जेवायचा पाट. मान वाकवता येणारा दिवा, सुईच्या डाव्या अंगाला. कात्री उजव्या हाताला खिळ्यावर, मूठ वर. माझ्या पेट्या दाराच्या चौकटीला दोन्हीकडे. डोळे मिटून बसवलं तरी त्यांना सगळं सापडलं असतं.

एक इस्त्री मात्र त्यांनी मुद्दाम स्वयंपाकघरात ठेवली, ओट्यावर. मी म्हटलं, "सिस्टर, ही तुमच्या हाताला शोधत कशी येणार?"

"ही नाही येणार. हिच्याकडे मी जाणार. शिवण झाली की उठायचं, चालायचं, उभ्याने दाबायची, परत यायचं. सगळंच हाताशी ठेवलं तर कंबर खुर्चीला चिकटते. डॉक्टर तासातासाला उठा म्हणाले. मी घड्याळ नाही बघत, इस्त्री उठवते मला."

एवढं सगळं उत्तम. फक्त त्या बोळाच्या टोकाला आमचं बाथरूम होतं. सिस्टर खुर्चीत बसल्या की मांडीवर गोधडी, दोन्ही बाजूंना पेट्या, आणि पलीकडे जायला मांजरालाही वाट नाही. मी रीतसर भांडले. म्हटलं, मी भाडेकरू आहे, मला हक्क आहे. त्या शिवण न थांबवता म्हणाल्या, "हक्क आहे ना, मग सकाळी लवकर उठून बजाव." मी एक आठवडा त्यांच्याशी जेवणापुरतंच बोलले. आठवड्यानंतर लक्षात आलं की शेकायची पिशवी कपाटात गेलेली आहे आणि सिस्टर तांबटांच्या ठोक्यांवर पाय चालवत गुणगुणतायत. मग काय भांडणार? मी लवकर उठायला लागले.

खंडेनवमीच्या सकाळी झेंडूच्या माळा करून ताटात ठेवल्या होत्या. मशीनची पूजा झाली की त्या दिवशी त्यावर काम करायचं नाही, म्हणून गोधडी पूजेआधीच पुरी व्हायला हवी होती. तीन बाजू बंद झालेल्या, चौथीची शिवण चाललेली, तेवढ्यात बेल वाजली. ठरल्या वेळेच्या कितीतरी आधी मुलगा दारात. वाकडपासून ट्रॅफिकमध्ये अडकून आला होता, चेहरा कसनुसा.

"आई, जरा सरक. बाथरूमला जायचंय."

"पेशंट टेबलावर आहे."

"आई, अगं खरंच."

"टाचण्या मोजल्या आहेत, शेवटचा कोपरा आहे. थांब."

तो थांबला. आणि मग त्याला दिसायला लागलं. दाराशिवायची चौकट, खोलीभर खिडकीपर्यंत वाहत गेलेली ती रंगीत गोधडी, आणि बोळात ताठ पाठीने बसलेली त्याची आई. एखादी सुई मोडली, कंबरेत एक कळ आली, की बॅग तयार होती. मी स्वतः बघितली होती पलंगाखाली.

शेवटच्या कोपऱ्याशी सिस्टर थांबल्या. त्यांच्याकडची रीत अशी की गोधडी उपाशी सासरी पाठवायची नाही. बंद करण्याआधी तिच्या कोपऱ्यात पोळीचा एक घास ठेवून तो लगेच काढून घ्यायचा आणि शिवणारीने खायचा. त्यांनी वर न बघता उजवा हात मागे केला.

"पोळी."

मी हलणार, तेवढ्यात तो मुलगाच वळला. स्वयंपाकघरात गेला, डब्यातली पोळी मोडली, गुळाचा खडा लावला आणि घास आईच्या तळहातावर ठेवला. लहानपणी हे काम त्याचंच असणार. त्याला कुणी सांगावं लागलं नाही.

घास कोपऱ्याला लागला, बाहेर आला, सिस्टरांच्या तोंडात गेला. मशीन चाललं. दोरा कापला. मग त्या खुर्चीतून उठल्या. कशालाही न धरता, अगदी सरळ. गोधडीची घडी घालून त्यांनी ती स्वतः उचलली आणि मुलाच्या हातांत दिली.

"जा आता बाथरूमला," त्या म्हणाल्या.

मी रडले. चक्क रडले, आणि या वेळी मला कुणी लांब जायला सांगितलं नाही.

मुलगा बाहेर आला तेव्हा सिस्टर मशीनला माळ घालत होत्या. त्याने नमस्कार केला. मग तो त्या बोळातल्या खुर्चीत टेकला, सहज म्हणून, आणि टेकल्यावर उठेना. शर्टाखाली त्याच्या कंबरेला पट्टा होता, तो मला तेव्हा दिसला. सिस्टरांनाही दिसला.

"केव्हापासून?" त्यांनी विचारलं.

"झालं वर्ष," तो खाली बघत म्हणाला. "आई, या खुर्चीत दुखत नाहीये."

"कोपर दाखव."

त्याने निमूटपणे कोपर वाकवून दाखवलं. सिस्टरांनी टेप काढली.

दसऱ्याला त्या वाकडला गेल्या. पलंगाखालची भरलेली बॅग घेऊनच गेल्या. ती मी आधी उघडून बघितली, खोटं कशाला बोलू? आत टेप, खडू, हातोडी आणि एक पाट होता. बाकी काही नाही. संध्याकाळी परत आल्या, माझ्या हातावर आपट्याचं पान ठेवलं आणि चहा टाकला. "तिघंही भिंतीकडे तोंड करून बसत होती," त्या म्हणाल्या. "टेबलं फिरवली."

पुढे माझं लग्न ठरलं आणि मी ती खोली सोडली. माझी खोली मोठी, मला वाटलं, आता सिस्टर तिथे थाटात शिवतील. छे. त्यांनी दुसरी मुलगी ठेवली. "मोठी जागा मिळाली की माणूस पसारा करतो," म्हणाल्या. त्या अजून त्या बोळातच बसतात, आणि आजवर त्यांनी किती गोधड्या त्या दारावरून पार केल्या, याचा हिशेब मी ठेवलेला नाही. एक माझ्याकडे आहे.

परवा शनिवारी सकाळी मी त्यांना फोन केला. फोन मुलाने उचलला. मागे मशीनचा आवाज येत होता.

"सिस्टर आहेत का?"

"पेशंट टेबलावर आहे," तो हलक्या आवाजात म्हणाला. "दुपारी कराल का?"

"तुम्ही कुठे आहात?"

"बोळात," तो म्हणाला. "मला बाथरूमला जायचंय. थांबलोय."